पिचरची सावड

आमच्या संघात सगळ्यात जास्त तोंड माझं चालायचं. कॅचरचं कामच ते. बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोरीच्या मागे उकिडवं बसायचं, समोरून येणारा बॉल ग्लोव्हमध्ये घ्यायचा आणि सबंध मैदानावर ओरडत राहायचं. पहिल्या बेसवाली पुढे सरकली की तिला मागे घे, डाव्या कोपऱ्यातली पेंगायला लागली की तिला जागं कर, पिचर चिडली की तिला थंड कर. बाकी सगळ्यांची तोंडं आमच्या बाजूला असतात, मैदान पूर्ण दिसतं ते फक्त कॅचरला, म्हणून कॅचरनं गप्प बसायचं नसतं, असं आमच्या सुभेदारांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला ते बजावायची गरज नव्हती. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईला बोलाय समोर माणूस लागत न्हाई."

इतकी बोलणारी बाई मी, आणि ज्या एका वेळी माझ्या एका शब्दाची गरज होती त्या वेळी तोंडाला कुलूप लावून बसले. ती गोष्ट होऊन आता वर्ष उलटलं. अजून ती माझ्या मानेवरून उतरत नाही.

आमचं गाव तासगावच्या पलीकडे, घराच्या मागच्या दारापर्यंत द्राक्षबागा आलेल्या. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पेटीत एक जुना सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह होता. कॉलेजात खेळायचे मी. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि गरम भांडं उतरवायला बरा आहे म्हणून चुलीजवळ ठेवला. तिथून तो बाहेर काढला सुभेदारांनी. सुभेदार म्हणजे गावातले निवृत्त फौजी. पलटणीत असताना कुठल्याशा छावणीत बेसबॉल शिकले आणि गावी आल्यावर त्यांना चैन पडेना. हायस्कूलच्या मागचं पटांगण त्यांनी स्वतः फावड्यानं सारखं केलं आणि बेसबॉलच्या संघासाठी पोरी गोळा करायला लागले. पोरं का नाही, असं विचारलं की म्हणायचे, "पोरं क्रिकेटनं वाया गेल्यात." मिळाल्या त्या कोण? कॉलेजच्या सहा-सात, एक शिलाईकाम करणारी, एक अंगणवाडीतली, दोघी बहिणी दुधाच्या डेअरीवर बसणाऱ्या, आणि मी, दोन लेकरांची आई. नवरा सैन्यात. त्याला व्हिडिओ कॉलवर हेल्मेट आणि जाळी घालून तोंड दाखवलं तर म्हणाला, "बॉर्डरवर मी हाय का तू?"

आणि आमची पिचर. ती मूळची आमच्या गावची नव्हे. पूर्वेकडची, आटपाडीच्याही पुढची. घरचं काम मेंढरांचं, आता थोडी डाळिंबाची लागण. कॉलेजसाठी मावशीकडे आली आणि इथंच राहिली. मावशीकडे दोन म्हशी आणि राहतं घर, बाकी जमिनीचा तुकडा नाही. पोरगी अबोल, पण हातातून बॉल सुटला की ग्लोव्हमध्ये असा आवाज यायचा की हायस्कूलचे मास्तर वर्गातून बाहेर डोकवायचे. मी तिला चिडवायचे, मेंढरं वळवायला दगड मारून मारून तुझा हात असा झालाय. ती म्हणायची, "मेंढराला मारत न्हाईत वैनी. त्याच्या म्होरं टाकत्यात." तिनं टाकलेला बॉल घेऊन माझ्या तळहाताची आग व्हायची, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात मला स्वतःचा म्हणून जो काही आनंद होता तो त्या आगीत होता.

पहिल्या वर्षी संघ फेब्रुवारीत मोडला. आमच्याकडे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. द्राक्षं तोडायची, औषधात बुडवून शेडवर जाळीच्या रॅकवर पसरायची, दोन आठवड्यांनी वाळली की जाळ्या हलवून बेदाणा खाली ताडपत्रीवर पाडायचा, क्रेटमध्ये भरायचा. अशा दिवसांत कुठली सासू सुनेला आणि कुठली आई लेकीला बॉल फेकायला सोडणार? सरावाला सुभेदार, मी आणि पिचर एवढेच उरलो. मग सुभेदारांनी सावड काढली. सावड आमच्याकडे जुनीच. आज माझ्या रानात तुम्ही सगळे, उद्या तुमच्या रानात मी. पैशाचा व्यवहार नाही, हिशेब तोंडी, पण तो बुडवायचा नसतो. सुभेदार म्हणाले, ज्या पोरीच्या घरी काम, तिच्या घरी सगळा संघ. सकाळी काम उरकायचं, संध्याकाळी सराव. घरोघरच्या सासवा आणि आयांना हे तोडता येईना. एक पोरगी खेळायला सोडायची आणि बदल्यात बारा पोरी रानात. खेळून आले की परत चुलीजवळ जाणारा ग्लोव्ह सासूबाईंनी तिथून कायमचा हलवला तो तेव्हा.

पिचर सगळ्यांच्या सावडीला असायची. माझ्या बागेत, शिलाईवालीच्या बागेत, डेअरीवाल्या बहिणींच्या बागेत. तिची स्वतःची बाग नव्हती, मावशीच्या म्हशींना बारा पोरी काय करणार. म्हणजे ती सगळ्यांकडे जायची आणि तिच्याकडे कुणी जायचं नाही. एकदा शेडवर जेवताना अंगणवाडीवालीनं तिला विचारलंच, "तुझी सावड आमी कवा फेडायची गं?"

भाकरीचा तुकडा मोडत ती म्हणाली, "माझं एकच काम हाय. जिंकायचं. तिथं या सगळ्याजणी."

आम्ही हसलो. मी तर म्हणाले, सोपं काम सांगितलंस. ते सोपं नव्हतं हे आम्हाला लवकरच कळलं.

गेल्या वर्षी सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांतल्या संघांची साखळी स्पर्धा ठरली. सहा संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, पहिले चार उपांत्य फेरीत. निवड करणारी माणसं उपांत्य फेरीलाच येणार होती आणि वरच्या संघासाठी पोरी त्या चार संघांतूनच उचलणार होती. आमच्यातल्या बाकीच्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. पिचरला होतं. पोलीस भरतीच्या वयाचं तिचं ते शेवटचं वर्ष. दोनदा धावण्यात पास होऊन ती लेखीला थोडक्यात मागे राहिली होती. वरच्या संघातून खेळली असती तर खेळाडूंच्या जागांमध्ये तिला दार उघडणार होतं. तिच्या वडिलांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. काही झालं नाही तर गावी परत, आणि मग स्थळं बघायला सुरुवात. हे तिनं मला एकदाच सांगितलं, शूजची नाडी बांधता बांधता, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगावं.

पहिली मॅच आम्ही हरलो, दुसरीही हरलो. दुसरीत तर पिचर एकटी झुंजत होती आणि मागे आमचे हात फुटके. डेअरीवाल्या बहिणी एकाच उंच बॉलखाली गेल्या आणि 'तू घे, तू घे' करत दोघींनी तो जमिनीला दिला. येताना जीपमध्ये मी सगळ्यांना असं धारेवर धरलं की सुभेदारांनी गाणी लावली. पुढच्या दोन मात्र जिंकलो. पलूसच्या संघाला तर शेवटच्या इनिंगमध्ये गाठलं. आता उरली एक मॅच, साताऱ्यात, खंडाळ्याच्या संघाशी. जिंकलो तर चौथे. हरलो तर घरी. खंडाळ्याच्या पोरी तोपर्यंत आमच्याहून जास्त हरल्या होत्या. सुभेदार बोलून दाखवत नव्हते, पण त्यांनी मिशीला कलप लावला यावरून मी काय ते ओळखलं.

आता माझ्या करणीकडे येते. बाकी सगळ्यांचा बेदाणा उतरला होता, आमचाच शेवटचा राहिला होता. आमची सावड शनिवारी ठरली होती. मॅच रविवारी. जाळ्या हलवण्याचं काम दिसायला हलकं, पण दिवसभर हात खांद्याच्या वर ठेवून झटके द्यायचे, वर भरलेली क्रेटं उचलायची. पलूसच्या मॅचनंतर पिचर उजवा खांदा दाबत होती हे मी बघितलं होतं. ती कुणाला सांगणार नाही आणि शनिवारी सगळ्यांच्या पुढे राबणार, हेही मला माहीत होतं. मी सावड सोमवारवर ढकलली.

सासूबाईंना ते पटलं नाही. "माल झाला की उतरावा. शेडवर ठिवून काय त्याची आरती करायची हाय?"

"दोन दिवसांनी काय बिगडतंय आत्या? आभाळ बगा की, कुठं हाय ढग?" मी म्हणाले, आणि फोनमधला हवामानाचा अंदाज त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यात पिवळाधमक सूर्य होता. बोलण्यात त्या मला कधी जिंकत नाहीत. त्या दिवशी जिंकल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

रविवारी सकाळी जीप निघाली तेव्हा आभाळ भरलेलं होतं. काळं नव्हे, नुसतं मळकट. जीप सुभेदारांची, चालवायला तेच. मागे पोरी कोंबून बसलेल्या, पायांत बॅटींची पिशवी. पिचर माझ्याशेजारी, खिडकीकडे. मी खंडाळ्याची कुठली पोरगी कुठला बॉल मारते याची उजळणी चालवली होती. ती खिडकीतून वर बघत होती, आणि ती वर बघतेय हे मला दिसत होतं, म्हणून मी आणखी बोलत होते.

पलूसला चहाला थांबलो. उतरल्यावर वारा लागला. टपरीवाल्याचे कागदी कप टेबलावरून उडाले. तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"पोचलासा का?"

"न्हाई, पलूसात हाय. का वं?"

"काय न्हाई. सहज केला."

त्या सहज फोन करणाऱ्या बाई नव्हेत. त्यांच्या बोलण्याच्या मागे फाड फाड असा आवाज येत होता, ताडपत्री सुटून वाऱ्यावर आपटते तसा. आमच्या शेडला वरून कागद आहे, पण बाजू उघड्या. वाऱ्याबरोबर पाऊस आला तर तो आडवा आत शिरतो आणि जाळीवरचा माल चिकट होऊन काळा पडतो, मग तो कुणी घेत नाही. वर्षभराची बाग त्या जाळ्यांवर होती. घरात सासूबाई आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले सासरे. गडी माणूस कुणी नाही, कारण माणसं म्हणजे आम्हीच.

"वारं लय हाय का आत्या?"

"हाय थोडं. तू खेळ जा." फोन बंद झाला.

पिचर माझ्या हाताला हात लावून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी फोन खिशात ठेवला आणि चहाचा कप उचलला.

"सुभेदार," ती म्हणाली, "गाडी वळवा."

शिलाईवाली म्हणाली, "अगं, येडी का काय तू?" सुभेदारांनी कप खाली ठेवला. मोठ्यानं बोलायची सवय असलेला माणूस, पण त्या वेळी हळू बोलले. "आता वळवली तर येळेत पोचणार न्हाई. त्यास्नी पुढं चाल मिळंल. मॅच न खेळता आपण भाईर. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"सावड शनवारी हुती. वैनींनी माझ्या खांद्यापायी पुढं ढकलली. माझ्यापायी त्यांचा माल भिजला तर मी बॉल कुठल्या हातानं टाकू?"

मी तिला सांगितलं नव्हतं. खांद्याचं कारण मी सासूबाईंनाही दिलं नव्हतं. तिनं ते आपलं आपण ओळखलं होतं.

सुभेदार माझ्याकडे वळले. "माल तुझा हाय. तू बोल."

आता बाराजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एवढंच म्हणायचं होतं, "न्हाई. चला सातारला." ते वाक्य तयार होतं. सासूबाईंनी स्वतः सांगितलं होतं, खेळ जा. पिचरचं एकच काम होतं आणि त्या कामाला आम्ही सगळ्या निघालो होतो. हे सगळं मला तेव्हाही स्पष्ट कळत होतं, मागाहून सुचलेलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई रॅकच्या आडव्या बांबूवर पाय देऊन एकट्या ताडपत्री धरताना दिसत होत्या, आणि जाळ्या-जाळ्यांवर पसरलेला हिरवट पिवळा माल दिसत होता. मला गाडी वळायला हवी होती. आणि ती माझ्या तोंडानं वळायला नको होती. तेव्हा मी कपात बघत राहिले.

सुभेदार जरा वेळ थांबले. मग म्हणाले, "बसा." आणि जीप पलूसमधून माघारी फिरली.

शेडवर आम्हाला बघून सासूबाईंचा चेहरा उतरला. "मॅच?" त्या म्हणाल्या. पोरी तशाच, पांढऱ्या पँटा आणि निळ्या टी-शर्टमध्ये, कामाला भिडल्या. निम्म्या जाळ्या हलवायला, निम्म्या खाली भरायला. सुभेदार ताडपत्रीच्या दोऱ्या ताणत होते आणि पलटणीतल्या हिंदीत वाऱ्याला शिव्या देत होते. पिचर सगळ्यात वरच्या जाळीवर होती. मी तिला खाली ये म्हणाले, तिनं ऐकलं नाही. आता खांदा कशासाठी जपायचा होता? बेदाणा खाली पडताना बारीक सर आल्यासारखा आवाज होतो. दुपारपर्यंत शेवटचं क्रेट आतल्या खोलीत गेलं.

मग वारा पडला. ढग आले तसे वरच्या वर निघून गेले आणि लख्ख ऊन पडलं. एक थेंब नाही. पोरी आधी हसल्या. दमल्यावर हसू येतं तसं. डेअरीवाल्या बहिणींतली धाकटी तर लोळायला लागली. मग एकेक करून हसणं थांबलं, कारण पिचर हसत नव्हती. ती पालथ्या क्रेटवर बसली होती, केसांत बेदाण्याच्या काड्या, आणि उन्हाकडे डोळे बारीक करून बघत होती.

"पडाय पायजे हुता की," ती म्हणाली.

तिचा आवाज चिडका नव्हता. नुसतं तसं व्हायला हवं होतं असं तिला वाटत होतं. पाऊस पडला असता तर तिनं जे सोडलं त्याला काही अर्थ आला असता. मीही मनात तेच म्हणत होते, पड, आता तरी पड, म्हणजे मला हिच्या तोंडाकडे बघता येईल. माझा माल सुखरूप आत आणि मी उघड्या रानावर पाऊस मागत होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

साताऱ्यात खंडाळ्याच्या संघाला पुढं चाल मिळाली. चौथी जागा दुसऱ्याच कुणाला गेली. आम्हाला कुणी काही बोललं नाही. उलट गावात कौतुक झालं. पोरींनी मॅच सोडली पण सावड सोडली नाही, असं पारावर बोललं जाऊ लागलं. ग्रामपंचायतीनं नारळ दिले. मला शाल. मी त्या दिवशी शाल पांघरून घेताना पिचर टाळ्या वाजवत होती, आणि ती मनापासून वाजवत होती हे बघून मला उठून जावंसं वाटलं. रात्री नवरा फोनवर म्हणाला, "तू कुठं वळवाय सांगितलं हुतंस? तिनंच सांगितलं की." माझीच बाजू घेत होता तो. मी त्याच्यावर असा काही राग काढला की त्याला कळेना आपलं काय चुकलं. पण तो बोलला ते मीच मनात किती वेळा बोलले होते. मी काहीच सांगितलं नाही, हे खरं आहे. तेच तर आहे.

सासूबाईंनी त्या मालातला सगळ्यात चांगला, लांब मण्याचा बेदाणा तिच्यासाठी डब्यात भरून ठेवला. ती घेऊन गेली. उन्हाळ्यात तिचे वडील आले, डोक्याला फेटा, हातात पोरीची बॅग. मावशीच्या दारात उभं राहून मी तिला म्हणाले, पोचल्यावर फोन कर. इतकंच. पुढे कितीदा तरी मी तिला मेसेज लिहायला घेतला. 'त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं' इथपर्यंत लिहायचे आणि खोडायचे. असं वाचून ती 'असू दे वैनी' म्हणणार, आणि मग मी सुटणार. तिच्याकडून तेवढंही काढून घ्यायचं माझ्यानं होईना.

यंदा संघ परत उभा राहिला. पिचिंगला कॉलेजची एक पोरगी आहे. चांगली आहे, पण तिचा बॉल घेऊन तळहात गार राहतो. सुभेदारांनी यंदाच्या सावडीचे दिवस ठरवायला घेतले तेव्हा सासूबाई मधेच म्हणाल्या, "आपल्यावर एक हाय की अजून."

कुणाची ते मी विचारलं नाही. त्यांनीच दुसऱ्या दिवशी दशम्या बांधून दिल्या. "तिचं काय काम आसंल ते करून ये. राहावं लागलं तर ऱ्हा. लेकरं बगतो आमी."

विट्यावरून दुसरी एसटी धरली आणि दुपारी फाट्यावर उतरले. तीच घ्यायला आली होती, वडिलांची मोटारसायकल घेऊन. उन्हानं रापली होती, पण बरी दिसत होती. लग्न अजून ठरलेलं नाही. एक स्थळ मोडलं, दुसरं येऊन गेलं, हे तिनं गाडी चालवता चालवता सांगितलं. भरतीचं काही बोलली नाही. वस्तीवर मेंढरांचा वाडा, त्याच्या पलीकडे डाळिंबाची रांग. तिच्या आईनं ताक दिलं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "काम सांग."

"काय काम सांगू? डाळिंबाला पाणी तोडलंय, बहार धरायचा हाय, तवर तिथं हात लावाय काय न्हाई. मेंढरं घिऊन वडील लांब गेल्यात." ती हसली. "तुमी मेंढरं हाकणार व्हय वैनी? त्यास्नी तुमचं बोलणं कळायचं न्हाई."

"मग मी आलेय कशाला?"

तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. पिशवीच्या तोंडातून ग्लोव्ह दिसत होता. का घेतला होता मी तो? निघताना कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिनं हात पुढे करून ग्लोव्हमधला बॉल काढला, बोटांत फिरवला आणि वाड्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानात चालत गेली. अंतर पावलांनी न मोजताच बरोबर जागेवर थांबली. मी इकडे उकिडवी बसले.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, नाहीतर या सगळ्या सांगण्याला काही अर्थ नाही. एसटीत सबंध वाटभर मी मनात म्हणत होते की वर्षभरात हिचा हात ढिला पडला असेल. सराव नाही, सोबत नाही. मग मला म्हणता आलं असतं, वरच्या संघात हिचं तसंही निभावलं नसतं. असं व्हावं असं मला वाटत होतं. जिच्यावर माझा एवढा जीव, तिचा हात जावा असं.

तिनं बॉल टाकला.

आवाजानं वाड्यातली मागे राहिलेली कोकरं एका बाजूला पळाली. माझा तळहात पेटला. मी बॉल परत फेकला. दुसरा आला, तिसरा आला, गुडघ्याच्या उंचीवर, मी ग्लोव्ह जिथं धरला तिथं, एक बोट इकडे नाही. मग बॉल हातात धरून ती थांबली.

"कसा येतुया वैनी?"

जरा मंदावलाय म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मला तर फारच. ती उन्हात उभी राहून वाट बघत होती, पलूसला सुभेदार थांबले होते तशी.

"तसाच," मी म्हणाले. "तसाच येतुया. कायसुदिक कमी झालेला न्हाई."

तिनं मान वळवली. डाळिंबांकडे बघत जरा वेळ पाठमोरी उभी राहिली. मग बाहीनं तोंड पुसलं आणि परत माझ्याकडे वळली.

"बसा मग," ती म्हणाली. "उठू नका."

मी उठले नाही. दिवस मावळायला आला, गुडघे भरून आले, तळहात टम्म फुगला, तरी ती टाकत राहिली आणि मी घेत राहिले. मुक्कामाला राहिले. सकाळी तिनं मला फाट्यावर सोडलं. एसटी आली तेव्हा ग्लोव्ह पिशवीत नीट कोंबत ती म्हणाली, "कालचं सावडीत धरू नका हां वैनी. त्ये माझं मला पायजे हुतं."

"न्हाई धरत," मी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई ओसरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात ओढून घेतला, सुजलेला तळहात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "फिटली का?"

"न्हाई," मी म्हणाले.